खोटा गुन्हा दाखल होण्याआधी

सतीश शेट्टी यांनी तळेगाव दाभाडे भागातले जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून बाहेर काढले. धमक्या आल्यावर त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं, ते मिळालं नाही. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला बाहेर पडले असताना त्यांचा खून झाला. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडी घातली गेली. त्याच दिवशी ज्याच्याविषयी त्यांनी बातमी दिली होती, त्याच माणसाला पुढे या प्रकरणात अटक झाली.

खून झाला की बातमी होते, मोर्चे निघतात. पण वाळूउपसा, रेशन दुकान, ग्रामपंचायतीचा हिशेब किंवा वनहक्काचे दावे यांच्या मागे लागलेल्या बहुतेक लोकांच्या वाट्याला बंदूक येत नाही, कागद येतो. चॅप्टर केस, 'सरकारी कामात अडथळा', खंडणीचा गुन्हा, तडीपारीची नोटीस, अब्रुनुकसानीचा दावा. यातल्या बऱ्याच प्रकरणांत शिक्षा होत नाही आणि ती व्हावी अशी कोणाची फारशी इच्छाही नसते. माणूस तारखांना जाऊन दमावा, घरचे वैतागावेत, शेजाऱ्यांनी 'काहीतरी केलंच असेल' म्हणावं, एवढं झालं की काम झालं. खोट्या गुन्ह्याचा खरा उपयोग माणसाला एकटं पाडण्यासाठी होतो. बचाव त्यामुळे गुन्हा नोंदवला जाण्याच्या कितीतरी आधी सुरू करावा लागतो. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला खरा, पण तो अंमलात आणलाच गेला नाही. त्याच्या भरवशावर बसू नका.

पहिली गोष्ट माहितीची. तुम्हाला गप्प केल्याने प्रकरण बंद पडणार असेल, तर तुम्ही धोक्यात आहात. म्हणून एकच अर्ज तीन गावांतल्या तीन जणांनी टाकावा. आलेली कागदपत्रं स्कॅन करून किमान तीन ठिकाणी ठेवावीत: एक वकिलाकडे, एक तालुक्याबाहेरच्या विश्वासू माणसाकडे आणि एक ओळखीच्या वार्ताहराकडे. हे तुम्ही केलंय हे समोरच्यालाही कळू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराने कारण सांगायची गरज नसते आणि संपर्कापुरता पत्ता पुरतो. राहत्या घराच्या पत्त्याऐवजी टपाल पेटी क्रमांक देता येतो, तसं केंद्र सरकारचं जानेवारी २०१४ चं परिपत्रकच आहे. हल्ला झालेल्या अर्जदाराने मागितलेली माहिती जाहीर करायला लावायची, असा ठराव केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये केला होता. अर्जदाराला संपवून माहिती दडपता येऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

दुसरी गोष्ट वहीची. शंभर पानी साधी वही घ्या आणि त्यात धमक्या लिहा. 'फार त्रास देतात' असं लिहून काही उपयोग नाही. नोंद अशी हवी: 'सायंकाळी ६.४०, बाजार समितीच्या गेटसमोर, पांढरी बोलेरो, नंबर अमुक, दोघे खाली उतरले, एक म्हणाला "पोरगी कोणत्या कॉलेजात जाते माहितीये आम्हाला", पानटपरीवाला हजर होता.' शब्द जसेच्या तसे, शिव्यांसकट. वाटलेली भीती वेगळ्या ओळीत. फोनवर धमकी आली असेल तर रेकॉर्डिंग मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरवलेली प्रत पुरावा म्हणून लंगडी पडते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते देताना मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

वही घरात ठेवून गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अनुभव असा की ठाणे अंमलदार 'एनसी करून देतो' म्हणतो आणि आपण एनसीची पावती खिशात घालून समाधानाने घरी येतो. अदखलपात्र नोंदीवर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. म्हणून तक्रारीत घडलेलं सगळं लिहा: वाट अडवली का, गाडीची काच फोडली का, हातात कोयता होता का, मुलीचा पाठलाग झाला का. यातल्या काही गोष्टींनी गुन्हा दखलपात्र ठरतो आणि मग तो नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक असतं. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच हे स्पष्ट केलंय. ठाण्याने दाद दिली नाही तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे जा. जुने लोक यालाच '१५६(३)' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले, आकडे बदलले, ठाण्यातल्या तोंडी मात्र अजून जुनेच आकडे आहेत. पुढे जिथे गरज आहे तिथे दोन्ही देतो.

एखाद्या खटल्यात तुम्ही साक्षीदार असाल आणि त्यावरून धमक्या येत असतील, तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. त्यावर निर्णय घेणाऱ्या जिल्हा समितीचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात. ही वाट फार थोडे लोक वापरतात.

आता सापळ्याविषयी, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात. अर्ज गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी कोणीतरी ओळखीचाच माणूस येतो. 'साहेब म्हणतात एकदा बसून बोलू.' ठिकाण हायवेवरचं हॉटेल. तिथे गोड बोलणं, चहा, मग 'तुमचं काही असेल तर सांगा ना, मार्ग काढू'. तुम्ही वैतागून, उपहासाने म्हणता, 'द्या मग पाच लाख!' एवढंच वाक्य रेकॉर्ड होतं, मागचं-पुढचं कापलं जातं आणि खंडणीचा गुन्हा तयार. जुनं कलम ३८४, आता न्याय संहितेचं ३०८. कधी टेबलावर पाकीट सरकवलं जातं आणि शेजारच्या टेबलावरचे 'पंच' उठून उभे राहतात.

उपाय साधे आहेत, पण ते पाळायला कडक व्हावं लागतं. मांडवलीच्या कुठल्याही बैठकीला जायचं नाही, मध्यस्थ सख्खा मामा असला तरी. 'अर्जाबद्दल जे असेल ते कार्यालयात आणि लेखी' हे एकच वाक्य बोलायचं. रकमेचा आकडा गमतीतही उच्चारायचा नाही. निरोप आला त्याच संध्याकाळी वरिष्ठ अधिकाऱ्याला ईमेल करायचा, 'आज अमुक व्यक्तीमार्फत मला भेटीचा निरोप आला, मी नकार दिला आहे.' दोन ओळी पुरतात. आणि टाकलेला अर्ज मागे घ्यायचा नाही. घ्यायचाच असेल तर कारण लिहून. पाच अर्ज टाकून तीन गुपचूप मागे घेणाऱ्याचा बचाव कोणताही वकील छातीठोकपणे करू शकत नाही. माहिती अधिकाराची दुकानं चालवणारे लोक आपल्यात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्यामुळेच प्रामाणिक माणसावर लावलेला खंडणीचा आरोप गावाला खरा वाटतो.

सरकारी कचेरीत जातानाही असंच. 'तीनशे त्रेपन्न' हा शब्द आपल्याकडे आता धमकीसारखा वापरला जातो. न्याय संहितेत ते कलम १३२ आहे. त्यासाठी लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झालेला असावा लागतो. नुसता आवाज चढवला म्हणून ते लागत नाही, पण फिर्यादीत 'अंगावर धावून आला, कॉलर पकडली' हे लिहायला कितीसा वेळ लागतो? म्हणून एकटे जाऊ नका. बंद केबिनऐवजी टेबलापाशी, इतर लोक असताना बोला. बोलणं तापलं की उठून बाहेर या आणि राहिलेलं आवक-जावक टेबलावर लिहून द्या. वाद झालाच, तर त्याच दिवशी सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवावं असा अर्ज कार्यालयप्रमुखाला द्या. कचेऱ्यांत जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं आणि नंतर 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर ठरलेलं असतं. पोलीस ठाण्यांसाठी मात्र सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये चित्रण साठवून ठेवण्याचे आदेश दिलेत, त्यांचा हवाला अर्जात द्या. ठाण्यात संभाषण रेकॉर्ड केलं म्हणून शासकीय गुपिते कायदा लावण्याचे प्रकार वर्धा आणि पाथर्डीला झाले होते. पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'प्रतिबंधित ठिकाण' नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर आणि औरंगाबाद खंडपीठांनी अनुक्रमे २०२२ आणि २०२४ मध्ये सांगितलं.

मग एक दिवस ठाण्यातून फोन येतो. 'साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांचं काम आहे.' विचारा, कोणत्या गुन्ह्यात, आरोपी म्हणून की साक्षीदार म्हणून, आणि नोटीस कुठे आहे? हे नम्रपणे विचारा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हा अर्नेश कुमार खटल्यातला २०१४ चा दंडक आहे. ती नोटीस म्हणजे पूर्वीची ४१-अ, आताची नागरिक सुरक्षा संहितेची ३५(३). ती व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. पण व्हॉट्सॲपवर आलेल्या नोटिशीकडे दुर्लक्षही करू नका. वकिलामार्फत उत्तर द्या आणि रीतसर नोटीस मागा. साक्षीदार म्हणून बोलवत असतील, तर महिला आणि साठीपुढचे पुरुष यांना ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो, कलम १७९. गावोगावी ही कामं करणाऱ्यांत निवृत्त शिक्षक नि कारकून भरपूर, त्यामुळे आणखी एक लक्षात ठेवा. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या माणसाला अटक करायला उपअधीक्षकांची पूर्वपरवानगी लागते, कलम ३५(७). तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करण्याची गरज नसते. सही करायला लावणं हेच कायद्याला धरून नाही.

आंदोलनाच्या किंवा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या आदल्या रात्री जी '१४९ ची नोटीस' येते, ती आता कलम १६८ ची. ती म्हणजे गुन्हा नव्हे, ताकीद. पण पुढे तडीपारीच्या प्रस्तावात तिची गणती होते. म्हणून ती घेताना 'प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही' असं लिहून वेळ टाका आणि नंतर दोन परिच्छेदांचं लेखी उत्तर द्या. चॅप्टर केस, म्हणजे जुनं १०७ आणि ११०, आता १२६ आणि १२९. ती तहसीलदारासमोर किंवा आयुक्तालयात सहायक आयुक्तासमोर चालते. तिथला कारकून बॉण्डचा कागद पुढे करून 'सही करा नि मोकळे व्हा' म्हणतो. मोकळं काही होत नाही. बॉण्डच्या मुदतीत एखादा नवा गुन्हा, खोटा का असेना, नोंदवला गेला की बॉण्ड जप्तीची कारवाई सुरू. वकील द्या आणि चौकशी व्हावी असा आग्रह धरा. ती सहा महिन्यांत संपवावी लागते.

तडीपारीवर थोडं थांबायला हवं, कारण ते खास आपल्याकडचं हत्यार आहे आणि मुंबई प्रांताच्या काळापासून चालत आलेलं आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. अमरावतीच्या रहमत खान यांचं प्रकरण वाचण्यासारखं आहे. मदरशांना मिळणाऱ्या सरकारी निधीच्या गैरवापराविषयी त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केले, तक्रारी केल्या. त्यानंतर त्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले आणि अखेर अमरावती शहर व ग्रामीण भागातून एक वर्षासाठी हद्दपारीचा आदेश निघाला. उच्च न्यायालयात दाद लागली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश रद्द केला. हे गुन्हे सूडापोटी, त्यांचा आवाज दाबण्यासाठी नोंदवलेले दिसतात, असं न्यायालयाने म्हटलं. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे, हेही बजावलं.

हा निष्कर्ष निघाला तो तारखांच्या क्रमावरून. तुमची तक्रार कधी गेली आणि त्यानंतर किती दिवसांत तुमच्यावर गुन्हा आला, हे शेजारी-शेजारी ठेवलं की बोलायला फारसं काही उरत नाही. म्हणून आजच, नोटीस येण्याआधी, दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे तुमचे अर्ज, तक्रारी, अपिलं, बातम्या, प्रत्येकाची पोच जोडून. उजवीकडे तुमच्यावरचे गुन्हे, नोटिसा, धमक्या. जामीन, तडीपारी, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज, सगळीकडे हाच तक्ता कामाला येतो.

तडीपारीची नोटीस आली तर कलम ५९ प्रमाणे वकिलासह म्हणणं मांडण्याचा आणि साक्षीदार तपासण्याचा हक्क आहे. तो सोडू नका. प्रस्तावात बहुतेकदा 'गोपनीय साक्षीदार' असतात, भीतीपोटी उघड बोलायला तयार नसलेले. त्यांच्या जबाबांवर तारीख, ठिकाण, प्रसंग आहे का ते पाहा. बऱ्याचदा चारही जबाबांची भाषा एकच निघते. गुन्हे जुने असतील तर आजच्या कारवाईशी त्यांचा संबंध काय, आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत दिली असेल तर ती का, हे आदेशात दिसलं पाहिजे. जालन्याच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यांवर आदेश रद्द केला. शासनाकडे अपिलाची मुदत ३० दिवस आहे. ती अर्ज-विनंत्यांत घालवू नका.

अटक होईल असं वाटत असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवा, कलम ४८२. दुसऱ्या राज्याचे पोलीस येणार असतील तर आपल्याच उच्च न्यायालयातून थोड्या मुदतीचं संरक्षण मागता येतं. 'टूलकिट' प्रकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये बीडच्या एका तरुण पर्यावरण कार्यकर्त्याला औरंगाबाद खंडपीठाने ते दिलं होतं. घरच्यांसाठी एक पाकीट करून ठेवा: सही केलेलं वकीलपत्र, आधारची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची यादी, दोन वकिलांचे नंबर कागदावर लिहून, कारण फोन तर जप्त होणार. जामीनदार कोण राहील हे आधीच ठरवा, त्याचा सातबारा किंवा पगारपत्रक काढून ठेवा. औषधांची बाब क्षुल्लक नाही. फादर स्टॅन स्वामींना कंपवात होता. तुरुंगात पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ मिळावी म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला आणि त्यावर तारखा पडल्या. ५ जुलै २०२१ ला कोठडीतच असताना त्यांचा मृत्यू झाला.

अटकेची कारणं तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी मिळाली पाहिजेत, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. वरळीच्या अपघात प्रकरणातून निघालेल्या निकालात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम सर्व गुन्ह्यांना लागू केला. नातेवाइकांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं हेही आलंच. मॅजिस्ट्रेट विचारतात, 'पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का?' मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा आणि नोंद करून घ्या. ठाण्याबाहेर 'बोललास तर बघ' असा दम मिळतो, त्यामुळे बहुतेक जण मान हलवून मोकळे होतात. मग पुढे काही उपयोग होत नाही. घरझडती झाली तर चित्रीकरण बंधनकारक आहे, कलम १०५. जप्त केलेल्या संगणक-फोनचं हॅश मूल्य पंचनाम्यात मागा. एल्गार परिषद प्रकरणातल्या एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फायली घुसवल्या गेल्याचं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये सांगितलं. मूळ प्रतीशी ताडून पाहण्याची सोय नसेल तर असं काही सिद्ध करणं अवघड.

त्याच प्रकरणातली दुसरी गोष्ट प्रत्येकाच्या वकिलाला माहीत असली पाहिजे. ठरलेल्या ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. यूएपीएमध्ये मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. सुधा भारद्वाज यांना मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये याच आधारावर जामीन दिला. मुदतवाढ देणाऱ्या न्यायाधीशांना तो अधिकारच नव्हता. मात्र सोबतच्या आठ जणांना तो नाकारला गेला, कारण त्यांनी वेळेत तसा अर्ज केला नव्हता, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्यांच्यातले काही त्यानंतरही वर्षानुवर्षं आत राहिले. तेव्हा कॅलेंडरवर दिवस मोजा आणि मुदत संपताच, आरोपपत्र दाखल होण्याआधी, अर्ज द्या.

पैशाचं काय, हा प्रश्न येतोच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत करावी लागते. एकाच प्रकरणात राज्य आणि राष्ट्रीय दोन्ही दारं ठोठावू नका, राज्य आयोगाकडे प्रलंबित तक्रार राष्ट्रीय आयोग हाती घेत नाही. दिल्लीच्या आयोगात अशा कार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र कक्ष आहे. आयोगाकडून तातडीच्या मदतीची अपेक्षा ठेवू नका, पण त्यांनी पोलीस अधीक्षकांकडून अहवाल मागवला एवढ्यानेही खालचा सूर बदलतो.

अब्रुनुकसानीची नोटीस आली तर घाबरून व्हॉट्सॲपवर माफी मागू नका. कोटींचा आकडा हा नोटिशीचा दागिना असतो. मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या. फौजदारी तक्रार झाली तरी आता दखल घेण्यापूर्वी न्यायालयाला तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, कलम २२३.

आरोपपत्र आलं की दोषमुक्तीच्या अर्जासाठी नागरिक सुरक्षा संहितेत ६० दिवसांची मुदत आहे, ती चुकवू नका. आणि सुटल्यानंतर? निराधार अटक करवणाऱ्याकडून भरपाई देण्याची तरतूद कायद्यात आहे, तिची कमाल रक्कम एक हजार रुपये. एका तारखेचा वकील आणि एसटीचा खर्चही त्यात निघत नाही. दिवाणी न्यायालयात द्वेषमूलक फिर्यादीबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावणं हा त्यातल्या त्यात खरा मार्ग. त्याची मुदत निर्दोष सुटल्यापासून एक वर्ष आहे, म्हणून निकाल लागला त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका.